जयवंताचा तर्जुमा

नामदेवकाका उभे राहिले की पाय जुळलेले, हात पाठीमागे आणि मान थोडी डावीकडे कललेली. कुणीतरी आत्ता काही बोलणार आहे आणि ते आपल्याला झेलायचंय, असं ते उभं राहणं. सगळी नोकरी हैदराबादच्या कोर्टात दुभाष्याची. साक्षीदार किंवा आरोपी मराठीत बोलला की काका तेच तेलुगूत नाहीतर उर्दूत सांगायचे, आणि सांगणं कायम ‘मी’नं सुरू व्हायचं. कामाची रीतच तशी. त्यामुळे झुरळ दिसलं तरी काकूंना हाक मारणारा हा माणूस भर कोर्टात शांतपणे म्हणायचा, “मी माझ्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली.”

घरी आले की सावित्रीकाकू पाण्याचा तांब्या पुढे करत विचारायच्या, “आज कोण होतात? चोर का खुनी?”

“आज पळून गेलेली बायको होतो.”

“सापडलात का मग?”

निवृत्तीनंतरही नारायणगुड्यात लोक त्यांना मुतर्जिमसाब म्हणत. म्हणजे दुभाषेसाहेब. भाजी घ्यायला निघालेल्या काकांना कुणी तशी हाक मारली की पिशवीसुद्धा फाइलीसारखी काखेत जायची.

माझं कॉलेज तेव्हा काकांकडे राहून चाललं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जयवंता बसायची. देगलूरकडची, नवरा वारल्यावर इकडं आलेली. दिवेलागणीला तीन दगडांची चूल मांडायची आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, सोबत ठेचा. गिऱ्हाईक रात्रीचं: रिक्षावाले, छापखान्याची दुसरी पाळी, शेवटचा खेळ सुटल्यावर दारं लावून निघालेली थिएटरची माणसं. काका तिच्याकडून रोज दोन भाकऱ्या आणत. भाकरीपेक्षा बोलण्यासाठीच जास्त. “माझ्याशी मराठीत बोलणारी या गल्लीत तू एकटीच,” असं ते तिला म्हणायचे. त्यावर काकू घरात भांडी जरा जोरात ठेवायच्या.

ते दिवस शहर एकदम घाईत आल्याचे होते. आबिड्सला काचेची नवीन दुकानं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ, आणि वरच्या मजल्यावर पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला हर्षद आणि त्याची बायको गौरी. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर गल्लीच्या तोंडाशीच गौरीचं मंगळसूत्र कुणीतरी ओढून नेलं. मानेवर लाल वळ उठला होता. आठवड्याच्या आत वॉर्डाची सभा ठरली. शाळेच्या हॉलमध्ये, नगरसेवक, इन्स्पेक्टर आणि नागरिक. ठराव असा, की रस्त्यावरच्या गाड्या, चुली, पानाचे ठेले नऊला बंद. रात्री फुटपाथवर माणसं जमतात, त्यांत चोर मिसळतात.

सभेच्या आदल्या दिवशी जयवंता दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी.

“दादा, नऊला चूल इझवा म्हणून राह्यलेत. माझं गिऱ्हाईकच नऊला सुरू होतंय. मंग मी खाऊ काय?”

“मी बोलतो ना. तू ये सभेला. तुझं म्हणणं मराठीत सांग, धडाधड. पुढचं माझ्याकडे लागलं.”

“आपल्या हैदराबादी उर्दूत सांगू का?”

“नक्को. हा इन्स्पेक्टर आंध्रातला, समुद्राकडचा आहे, नवा. तेलुगू-इंग्रजीशिवाय काही शिरत नाही त्याच्या डोक्यात.”

“तेलुगू तर मला—”

“तू भाकऱ्या भाज. भाषेचं मी बघतो.”

“सगळं सांगाल नव्हं?”

“अगं, जन्म कोर्टात गेला. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.”

हॉलमध्ये काकांना खुर्ची मिळाली ती थेट मंचावर. इन्स्पेक्टरसाहेब स्वतः उठून म्हणाले, “नामदेवरावगारू, या या, तुमच्यासारखी बुजुर्ग माणसं पाहिजेत.” गळ्यात झेंडूचा हार पडला. मी आणि काकू मागच्या बाकावर. काकू पुटपुटल्या, “हार घातला. आता मान खाली जाते का बघ.”

हर्षद इंग्रजीत बोलला. बरंच बोलला. “बाहेरच्या कंपन्या येतायत, शहर सुरक्षित दिसायला नको का? माझी बायको आता दूध आणायला खाली उतरत नाही.” ते खरंच होतं. गौरी त्याच्या शेजारी पदर मानेभोवती घट्ट घेऊन बसली होती.

मग जयवंता उठली. कडक धुतलेलं लुगडं, पण हाताला पीठ तसंच. तिनं मंचाकडे नाही, गौरीकडे बघून बोलायला सुरुवात केली.

“बाई, तुझं गळ्यातलं गेलं, मला लई वाईट वाटलं. पण त्या दिवशी मी बाजाराला गेलते. चूल नव्हती. त्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडून किती महिने झाले, इचारा साहेबाला. तिथं उजेड कुणाचा? माझ्या चुलीचा. मी बसते म्हणून पोरीबाळी तिथून जातेत. ह्यांचे शिपाई माझ्याकडं बसून फुकट जेवतेत, आन् जाताना म्हणतेत, तुझ्यापाशी चोर बसतेत. बसतेत तर धरा की! जेवता कशाला? आधी दिवा लावा, मंग मला उठवा.”

मराठी कळणारे दोघं-तिघं हसले. इन्स्पेक्टरनं काकांकडे मान वळवली. “एमंटोंदी?” काय म्हणतेय ही?

काका उठले. पाय जुळले, हात मागे गेले. आणि मला दिसलं, ते शिपायांकडे बघतायत. दोघंही भिंतीला टेकून उभे होते. तेव्हा काकांच्या डोक्यात काय झालं ते पुढं त्यांनीच मला सांगितलं: ही बाई उद्या त्याच कोपऱ्यावर बसणार, आणि हेच दोघं उद्या तिथं येणार. तिला सांभाळून घ्यावं. हे सगळं खरं असेल. पण हारही होता गळ्यात.

काका गोड, स्वच्छ तेलुगूत म्हणाले, “साहेब, ही गरीब विधवा आहे. पोलिसांच्या आश्रयानं पोट भरते. हात जोडून विनंती करतेय, दया करून अर्धा तास वाढवून द्यावा.”

जन्मभर ‘मी’ म्हणणारा माणूस त्या दिवशी ‘ही’ म्हणाला.

“सरे, ठीक आहे,” इन्स्पेक्टर हसले. “अर्धा तास दिला. साडेनऊ.” टाळ्या झाल्या. दिव्याचं नाव कुणी काढलं नाही. ठराव मंजूर.

काकूंचे हात मांडीवरच होते. त्यांचं माहेर वरंगळचं, त्यांना शब्द न् शब्द कळला होता.

जिन्यावर जयवंता थांबली होती. काका हार काढून हातात घेऊन उतरत होते. “झालं बघ तुझं काम,” ते म्हणाले, “अर्धा तास तर मिळाला!”

जयवंतानं हात जोडले आणि तेलुगूत म्हणाली, “अय्या, चाला बागा चेप्पारु.” साहेब, फार छान बोललात.

अस्खलित तेलुगू होतं ते. रिक्षावाल्यांशी, भाजीबाजारात, शिपायांशी रोज बोलायचं तेलुगू. इतकी वर्षं ती काकांना ‘दादा’ म्हणत होती. ती निघून गेली तरी काका त्याच पायरीवर उभे होते.

घरी काकूंनी पाणी दिलं नाही. फक्त विचारलं, “आज कोण होतात?”

काकांनी स्वतःच तांब्या भरून घेतला.

भाकरी आणायला जाणं त्यांनी बंद केलं. आधी मला पाठवत. मी म्हटलं, “काका, ती विचारते, साहेबांची तब्येत कशी आहे.” ‘साहेबांची’ हे ऐकून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढं त्यांनी जायचा रस्ताच बदलला. कोपरा टाळून शाळेमागून वळसा घालून जायला लागले. कुणी “मुतर्जिमसाब” म्हटलं की न ऐकल्यासारखं करत. साडेनऊला शिपाई काठी दाखवून तिला चुलीवर पाणी ओतायला लावायचे, त्याचा चर्र आवाज आमच्या गॅलरीत येई. काका तेव्हा मोठ्यानं टीव्ही लावत.

एक दिवस तो आवाज आला नाही. जयवंतानं कोपरा सोडला होता.

पुढच्या सभेला काका बोलावणं नसताना गेले. मंचावरून “या या” झालं, पण ते हॉलच्या मधोमध, ती उभी होती तिथं, उभे राहिले. तेलुगूत म्हणाले, “गेल्या सभेत मी चुकीचा तर्जुमा केला. आता बरोबर करतो.”

“नामदेवरावगारू, तो ठराव झाला आता.”

“मी विधवा बाई आहे,” काका म्हणाले. हॉल हसला. “मी भाकऱ्या थापते. त्या कोपऱ्यावर दिवा नाही. मी बसते म्हणून पोरीबाळी तिथून जातात.” पांढऱ्या मिशांचा माणूस असं बोलतोय म्हटल्यावर पोरं बाक बडवायला लागली. हर्षद शेजाऱ्याला म्हणाला, “काकांना काही झालंय का?” काकांचे कान लालबुंद झाले होते. आवाज फाटत होता. तरी ते पुढं बोलत राहिले. “तुमचे शिपाई माझ्याकडे फुकट जेवतात, आणि मलाच म्हणतात तुझ्यापाशी चोर बसतात. बसतात तर धरा की! जेवता कशाला? आधी दिवा लावा, मग मला उठवा.”

आता कुणी हसत नव्हतं. इन्स्पेक्टर पेनचं टोपण लावत म्हणाले, “बघू. पुढचा विषय.”

जयवंताचं मराठी समोर बसून ऐकलेली गौरी मात्र उठली आणि तिनं विचारलं, “तो दिवा कधी लागणार?” इन्स्पेक्टर पुढचा कागद वाचायला लागले.

जयवंता अफझलगंजला बसते, असं रिक्षावाल्याकडून कळलं. काका मला घेऊन गेले. तिथल्या सरकारी ग्रंथालयाच्या बाजूला भिंतीलगत चूल पेटलेली. त्यांच्याआधी चार गिऱ्हाइकं होती. काका रांगेत उभे राहिले, पाय जुळवून. पाळी आली तेव्हा म्हणाले, “जयवंता, मी परत सांगितलं सभेत. सगळं. एक शब्द गाळला नाही.”

“कळलं मला. लोक हसले म्हणं.”

“हसले.”

“आन् ठराव?”

“तसाच आहे.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “मंग आता इथं कशाला आलासा?”

“इथंही उठवतील तुला. इथल्या चौकीत जाऊन मी तुझ्या वतीनं—”

“नका.” तिनं आवाज चढवला नाही. “इथला शिपाई तेलुगूच बोलतो. मीच बोलते त्याच्याशी.”

भाकरी कागदात गुंडाळून तिनं पुढं केली. काकांनी दोन्ही हातांनी घेतली. चटका बसला असणार, कारण बोटं लाल झाली. पण बसस्टॉपपर्यंत त्यांनी एकही हात काढला नाही.