दाराआडची केरसुणी

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आताही आहे असं म्हणवत नाही.

मी नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहते, आम्स्टरडॅमला कलेच्या इतिहासात मास्टर्स केलं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई बार्शीत चार घरची धुणीभांडी करते. माझा थीसिस एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांवर आहे – माणसं नसलेल्या, रिकाम्या खोल्यांच्या. त्यातलं एक इथल्या छोट्या संग्रहालयात आहे: स्वयंपाकघर, विझलेली चूल, एक खुर्ची, अर्धवट उघडं दार.

माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, "वर्णन छान आहे. पण यात तुझं काय? शुक्रवारपर्यंत नवीन काही आण, नाहीतर विषय बदल." म्हणजे सगळं पहिल्यापासून... आणि माझी स्कॉलरशिप संपत आलेली.

बुधवारी दुपारी जेवता जेवता आईला व्हिडिओ कॉलवर चित्राचा फोटो दाखवला.

"रिकामं कुठंय गं? बाई आत्ताच केर काढून गेलीय. वेंधळी मेली! दाराआड केरसुणी उभी ठेवलीय. लक्ष्मी ती, आडवी ठेवावी."

"आई, तिथं नुसता अंधार आहे."

"शिकून चष्मा तुला लागलाय, मला नाही."

मी फोटो मोठा करून पाहिला. तपकिरी रंग, बाकी काही नाही.

गुरुवारी संग्रहालयात त्या चित्राची इन्फ्रारेड तपासणी होती. त्यात रंगाखालच्या रेषा दिसतात. मी घाबरतच तिथल्या तंत्रज्ञांना म्हटलं, "दाराआड एकदा बघाल?"

"का?"

"माझी आई म्हणते..."

ते हसले, पण कॅमेरा सरकवला. स्क्रीनवर हळूहळू उमटला – लांब दांड्याचा झाडू. भिंतीला टेकून, उभा. चित्रकारानं तो नंतर रंगानं झाकला होता.

शुक्रवारी मॅडमसमोर त्या इन्फ्रारेड फोटोचा प्रिंट ठेवला. "म्हणजे खोली रिकामी नव्हती," त्या म्हणाल्या. "काम करणारीची खूण पुसून ती रिकामी केली. विषय बदलायचा नाही!"

मी रस्त्यातूनच आईला फोन लावला.

"उभीच होती ना?"

"उभीच!"

"मग!"

थीसिस पास झाला. पहिल्या पानावर आईचं नाव आहे. त्या दिवशी तिला तोच फोटो पुन्हा दाखवला. तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आता आडवी ठेवलीय बघ. शिकली बाई."

फोटो तोच आहे. मला अजूनही तिथं अंधारच दिसतो.