बायको माझ्याच बॅचला

नव्या बॅचच्या पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ऐटीत एक डबा काढला. "व्हेरिएबल म्हणजे डबा. वर लेबल चहाचं, आत चहा. आमच्या घरी येऊन बघा!"

"आत मोहरी आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. "चहा बिस्किटांच्या डब्यात असतो. अहो, लग्नाला किती वर्षं झाली?"

बॅच खो खो हसली. आवाज अर्थातच बायकोचा.

गंगापूर रोडवर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. नांदगाव-नामपूरकडून येऊन खोली करून राहिलेली पोरं तिथे माझ्याकडून सी आणि सी प्लस प्लस या कॉम्प्युटरच्या भाषा शिकायची. जवळच्या एका शाळेला नववीसाठी कॉम्प्युटरच्या बाई हव्या होत्या. बायकोची बीएस्सी मुलांच्या मागे धावताना गंजून गेली होती. "ही नोकरी मला हवीच आहे," ती म्हणाली. "घराबाहेर काहीतरी माझं स्वतःचं." म्हणून ती बॅचला बसली. पोरं मला सर म्हणत, तिला वहिनी म्हणत आणि ऐकत तिचं.

ऑब्जेक्ट ओरिएंटेडपर्यंत आलो तेव्हा मी सांगितलं, घरातलं काहीही घ्या आणि त्याचा क्लास, म्हणजे ते काय काय करतं याचा आराखडा, लिहा. हिने 'नवरा' लिहिला. फंक्शन्स तीन : पेपर वाचणे, घोरणे, सल्ला देणे.

नामपूरचा एक जण म्हणाला, "वहिनी, काम करायचं फंक्शन राहिलं ना."

"राहिलं नाही रे. या मॉडेलमध्ये येतच नाही."

मग शाळेने नमुना पाठासाठी बोलावलं. पाठ आवडला तर नोकरी. मी आठवडाभर तिच्याकडून मोटारीच्या आराखड्याचं उदाहरण घोटून घेतलं. ती म्हणाली, "मला माझ्या पद्धतीनं शिकवू द्या. आणि तुम्ही गेटपाशीच थांबा."

थांबलो. बराच वेळ थांबलो, असं माझं मत आहे. मग नववीच्या खिडकीपाशी गेलो.

मोटारीचा पत्ता नव्हता. सगळा वर्ग उभा होता. "तुम्ही सगळे 'विद्यार्थी' या क्लासचे ऑब्जेक्ट, म्हणजे एकाच आराखड्याचे नमुने. मी म्हटलं 'हसा', की सगळे हसणार, पण प्रत्येकाचं हसणं वेगळं. हसा!" कुणी फिदीफिदी, कुणी घोड्यासारखं. झकास चाललं होतं, पण हुकूम एक, रूपं अनेक, याला असलेला मुख्य शब्दच ती बोलेना! मागे मुख्याध्यापिका टिपणं घेत होत्या. माझा जीव वरखाली.

"अगं, पॉलिमॉर्फिझम म्हण!"

कुजबुजायचं होतं, पण बॅचला शिकवायचा आवाज लागला. वर्ग वळला. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "हे कोण?"

बायकोचा चेहरा पांढरा पडला. घालवली आपण हिची नोकरी, असं मला वाटलं. तिने मात्र हातातला खडू माझ्याकडे रोखला.

"मुलांनो, फंक्शन बोलावल्याशिवाय चालत नाही. हे काका बघा. यांना कुणी बोलावलं नव्हतं. असं प्रोग्राममध्ये झालं, तर काय समजायचं?"

"बिघाड!" अख्खा वर्ग ओरडला. मुख्याध्यापिकांनी तोंडाला रुमाल लावला.

मी निमूट गेटपाशी स्कूटरजवळ येऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती आली.

"सोमवारपासून या म्हणाल्या."

माझी छाती फुगली. "बघ! शेवटी मीच उपयोगी पडलो."

"पडलात ना. वॉचमनला तुमचा चेहरा दाखवून ठेवा, असंही म्हणाल्या. चला, दाखवूनच जाऊ."