सुतळीचे माप

आमच्या कोपरीच्या घरी वडिलांच्या वेळची एक दमणी होती. छपराची, दोन बैलांची, घरच्या माणसांना नेण्या-आणण्यापुरती. ती हाकणारा गाडीवान बाळकुमचा कोळी. तरुणपणी होडी चालवायचा, पुढे वडिलांनी त्याला ठेवून घेतले. लहानपणी मला मांडीवर बसवून कासरा कसा धरायचा ते त्यानेच शिकवले.

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी दमणीचे चाक दगडावर चढून आदळले आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. दोन चाकांना जोडणारा कणा सरकला होता. दमणी बांधणारा सुतार कल्याणचा. निरोप जाऊन तो यायला आठ-दहा दिवस लागले असते. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि शाळेत भूमितीत पहिला आलो होतो. दोन बैलांमधल्या दांडीच्या टोकापासून कण्याच्या दोन्ही टोकांचे अंतर सारखे केले की चाके सरळ झाली, त्यात सुतार कशाला, असे मला वाटले.

एका रविवारी अंगणात दमणी विटांवर उचलून घेतली आणि कण्याचे लोखंडी पट्टे ढिले केले. बायकोने दांडीच्या टोकाशी सुतळी धरली. उजवीकडचे माप घेऊन मी सुतळीला गाठ मारली. मग तीच सुतळी डावीकडे नेली आणि कण्याचे टोक गाठीशी येईपर्यंत तो ठोकून सरकवला. डावीकडे सुतळी पायदानाच्या कोपऱ्याला लागून किंचित वाकत होती. ते मला दिसले होते. एवढ्याने काय बिघडते, असे मनाशी म्हणून मी पट्टे आवळले.

गाडीवान दांडीपुढे उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून त्याने पाहिले.

"भाऊ, डावा चाक जरा फुडं हाय."

"सुतळी खोटं सांगत नाही," मी म्हणालो. "तुझी नजर गेली आता."

बायको हसली. तोही हसला. साठी उलटल्यावर जायचीच, म्हणाला.

त्यानंतर दमणी उजवीकडे जाऊ लागली. तो डावा कासरा ताणून धरी, तरी ती जाई. दर खेपेला मी त्याच्या डोळ्यांविषयी काहीतरी बोलत असे. महिन्याभरात तोच रस्त्यात थांबून डोळे चोळू लागला. मग एका दुपारी आईला घेऊन येताना उजवे चाक चरात गेले आणि आईचे मनगट मोडले. त्याच संध्याकाळी मी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. त्याने चाबूक खुंटीला लावला आणि गेला.

नवा गाडीवान तरणा होता. गाडी त्याच्याही हातात उजवीकडेच ओढू लागली. दिवाळीनंतर कल्याणचा सुतार दुसऱ्या कामासाठी आला, तेव्हा त्याला दमणी दाखवली. त्याने काठीने माप घेतले आणि डावी बाजू दोन बोटे मागे ठोकली. कणा कोणी असा बसवला, असे त्याने विचारले. मी म्हणालो, माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी बाळकुमला गेलो. सांगून टाकायचे म्हणूनच गेलो होतो. मी अजून खाडीच्या बांधावर होतो, तोच त्याने दारातून "भाऊ" म्हणून हाक मारली. तो जाळे विणत बसला होता. मुलगा एकटाच होडी घेऊन गेला होता. सुनेने सांगितले की मामंजी आता होडीत पाय ठेवत नाहीत. नजर गेल्याचे शिकलेल्या माणसाने सांगितले आहे, आपल्यामुळे पोराचा जीव जायला नको, असे म्हणतात.

मी ओट्यावर बसलो. त्याने आईच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाला,

"गाडी सरल चालते का आता?"

"चालते."

"बरा झाला. माज्याच डोल्यांना दिसत नव्हता."

त्याची बोटे जाळ्याची एकेक गाठ न चुकता मारत होती. सांगायचे ते न सांगताच मी उठलो. परत येताना मला काही वाटले नाही. रडू आले नाही, लाजही वाटली नाही. घरी येऊन जेवलो.

त्यानंतर तो तीन वर्षे जगला. कोपरीहून बाळकुम पायी सव्वा तासावर आहे.