लिंबाजीमामा दारूने मेले नाहीत

'मी घेत नाही,' असे सांगणाऱ्या माणसाला 'अरे, घोटभराने काय होतंय?' असे तुम्ही शेवटचे कधी म्हणालात? लगेच उत्तर देऊ नका. आधी पुढचे वाचा.

माझे मामा, परतूरच्या एका बँडपथकात क्लॅरनेट वाजवणारे लिंबाजीमामा, या उन्हाळ्यात गेले. मी औरंगाबादला कॉलेजच्या वसतिगृहात होतो. गावाकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने फाटकातच सांगितले, "तुझा मामा गेला रे. पुन्ना प्याला न् गेला." त्यातले पहिले वाक्य खरे होते. दुसरे खोटे होते... आणि इतके आठवडे उलटले तरी तेच खोटे परतूरपासून अंबडपर्यंत प्रत्येक एस.टी. थांब्यावर चघळले जात आहे. माझे बालपण वडिलांनी छापून आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून गेले. खोटे दिसले की लिहायचे, एवढेच मला शिकवलेले आहे. म्हणून लिहितो.

मामांना दारू कुणी लावली? लग्नांनी. आपल्याकडे वरात निघण्याआधी मांडवामागे वाजवणाऱ्यांसाठी दारू ठेवतात आणि त्याला 'मान' म्हणतात. जेवायला शेवटच्या पंगतीत, तेही वेगळे बसवायचे. पण दारू मात्र आग्रह करकरून पाजायची. हा कसला मान? माणूस रात्रभर फुंकत राहावा, थकलो म्हणू नये, म्हणून घातलेले हे तेल आहे. मामा पथकात गेले तेव्हा नुकते मिसरूड फुटले होते आणि ते पीत नव्हते. पथकाच्या मास्तरांनी सांगितले, "न्हाई म्हनू नको, यजमानाला राग येतो." मामांनी नाही म्हटले नाही. पुढे लग्नसराई संपली तरी हात थांबेनात. पावसाळ्यात, जेव्हा क्लॅरनेट कापडात गुंडाळून खुंटीला असायचे, तेव्हाही सकाळी उठल्याबरोबर हातभट्टी लागू लागली. ती मिळेपर्यंत चहाची बशी धरवायची नाही.

आमच्या वस्तीवरच्या विहारात पौर्णिमेला सगळे पंचशील म्हणायचे. मामांचा आवाज सर्वांत मोठा. चोरी, खोटे, हिंसा, व्यभिचार यांपासून दूर राहण्याची पहिली चार शीले ते छातीतून म्हणायचे. पाचवे शील मादक पदार्थांचे आले की आवाज बसायचा. ओठ मिटून ते खाली बघायचे. ज्याने अंधश्रद्धा सोडली, देव सोडले, त्या माणसाला एक बाटली का सोडवेना, असे वस्तीतले शिकलेले लोक विचारायचे. एकदा मी स्वतः लिहिलेल्या पत्रकाची प्रत त्यांना दिली तेव्हा ते म्हणाले, "लई चांगलं लिव्हलंय भाचेबुवा. पन हात असे थरथरून राह्यलेत की तुमचं अक्षर नाचतंय. त्याला ढोल लावू का?" ते हसले. मामी हसली नाही.

उपाय काय कमी झाले? कुणी सांगितले, पिंपळगाव रेणुकाईला नेऊन देवीपुढे शपथ घ्यायला लावा. "देवीची पायरी आमी छप्पन सालीच सोडली," गयामामी म्हणाली, "आता दारूसाठी पुन्ना चढू का?" कुणी भाजीत मिसळायची पूड आणून दिली. त्याने मामांना नुसत्या उलट्या झाल्या, प्यायचे थांबले नाही. मग वस्तीतल्या मोठ्यांनी ठरवले, कोंडून ठेवू. सुटेपर्यंत दार उघडायचे नाही. पहिला दिवस गेला. त्यानंतर मामा आतून ओरडू लागले, "भिंतीवरून मुंग्या उतरून राह्यल्यात, कुनी तरी झाडा रे!" भिंतीवर मुंगी नव्हती. अंगाला घामाच्या धारा होत्या, दातखीळ बसत होती. बाहेर बसलेले म्हणत होते, "नाटक करून राह्यला. लक्ष देऊ नका." शेवटी मामीने कडी काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांना घोटभर पाजली. थरथर थांबली. त्या दिवसापासून वस्तीत बोलले जाऊ लागले, 'बायकोच पाजते.' जिने जीव वाचवला तिच्यावरच आळ आला.

त्या घोटाने जीव वाचला होता, हे मला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळले. मामी कुणालाही न विचारता मामांना रेल्वेत घालून तिथे घेऊन आली होती. डॉक्टरांनी सांगितले की वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूवरच चालायला शिकते. ती एकदम तोडली तर झटके येतात, नसलेले दिसते, माणूस दगावूही शकतो. म्हणून ती दवाखान्यात, औषधांच्या आधाराने तोडायची असते, कोंडून नव्हे. मामी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग तिने विचारले, "मंग सायेब, ह्यो मानूस पापी न्हाई?"

"नाही बाई. आजारी आहे."

इतकी वर्षे शिव्या खाताना न रडलेली माझी मामी तिथे बाकावर बसून रडली.

थरथर गेली, भूक लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मामांना एक गोळी सुरू केली. ती रोज घ्यायची. ती पोटात असताना दारू गेली तर छाती धडधडते, तोंड लाल होते, श्वास कोंडतो. तिची ताकद दाखवायला डॉक्टरांनी स्वतः जवळ उभे राहून, सगळी तयारी ठेवून, मामांना चमचाभर दारू दिली. "ढोल इथं वाजत व्हता भाचेबुवा, इथं," मामा छातीवर हात ठेवून मला सांगत होते. "आता बिलकुल न्हाई." घरी जाताना डॉक्टरांनी बजावले की ही गोळी चालू असल्याचे जवळच्या माणसांना सांगून ठेवा, चुकूनसुद्धा कुणी पाजू नये. मामांनी ते जवळच्यांना नाही, सगळ्यांनाच सांगितले. लपवायचे काय त्यात? आजारी माणूस पथ्य लपवत नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात पाचवे शील त्यांनी असे म्हटले की बाहेर खेळणारी पोरे आत डोकावली.

आणि गावाने काय केले? मामा पीत होते तेव्हा गाव त्यांना हसत होते. मामा पिईनात तेव्हा गाव जास्त हसू लागले. "लिंबाजी, भन्ते झाला का रे?" "गोळी खाऊन मर्द झाला!" मास्तर म्हणाले, "तुझा सूर कोरडा लागून राह्यलाय." मामा म्हणाले, "कोरडा तर कोरडा, मास्तर. गया म्हनती, घर पहिल्यांदा कोरडं झालंय." पथकात ढोल वाजवणारे करीमचाचा तेवढे त्यांच्या बाजूला बसायचे आणि कुणी ग्लास पुढे केला की स्वतःच बाजूला सारायचे. पुढचे सगळे मला चाचांनीच सांगितले.

अंबडकडे एका मोठ्या घरचे लग्न होते. भर दुपारची मिरवणूक. मामा उन्हात वाजवून आले, घसा सुकला होता. मांडवामागे बँडवाल्यांना वेगळी सतरंजी होती आणि वेगळे ग्लास, जे घरच्या कुणी ओठाला लावले नसते. नवरदेवाच्या दोस्तांनी नेहमीची दारू पुढे केली. मामांनी हात जोडले. तेव्हा त्यांतला एक जण मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मंग पन्हं तर घ्या, लिंबाजीराव." गोळी खरी की डॉक्टर खोटा, यावर त्या दोस्तांची आपापसात पैज लागली होती. पन्ह्यात त्यांनी दारू ओतली होती.

तहानलेल्या माणसाने ते एका दमात पिऊन टाकले. ग्लास खाली ठेवून मामांनी विचारले, "काय टाकलं रे?" सगळे हसले.

मामांचा चेहरा लालभडक झाला. ते उठायला गेले आणि झोक गेला. हसू वाढले. "चढली बुवा! एवढ्यात चढली!" करीमचाचा ओरडत होते, "चढली न्हाई त्याला, मरून राह्यलाय तो! गाडी लावा, जल्दी करा!" उत्तर आले, "चाचा, तुमी ढोल वाजवा. संध्याकाळपर्यंत उतरंल." लिंबाखाली सावलीत त्यांना निजवून वरात पुढे गेली. चाचांनी वाटेवरच्या बैलगाडीत घालून दवाखाना गाठला तोवर उशीर झाला होता. तिथे तोंडाला वास आला आणि नाकाने सांगितले तेच कारण लिहिले गेले. लग्नघराने पुढे मामीकडे साडी-चोळी पाठवली. मामीने ती आणणाऱ्याच्याच हाती परत दिली.

मी मामीला भेटायला गेलो तेव्हा भेटायला आलेली एक बाई तिला हळूच विचारत होती, "पुन्ना सुरू केल्ती का हो त्यांनी?" बाई गेल्यावर मामीने फळीवरून क्लॅरनेटची एक जुनी पत्ती काढली, जी तोंडाशी असते ती, वेताची. तलफ आली की मामा ती दातात धरून बसायचे म्हणे. कडा पार चावलेल्या होत्या. "हे बघ, रतन. हे किती चावलंय बघ," मामी म्हणाली. "ज्यानं प्यायली असती त्यानं हे कशाला चावलं असतं?" तिला नुकसानभरपाई नको आहे. तिचा नवरा प्याला नाही, त्याला पाजले गेले, एवढेच लोकांनी म्हणावे, असे तिला वाटते... तेवढेही कुणी म्हणत नाही.

म्हणून वाचकहो, या लग्नसराईत माझी एक विनंती आहे. तुमच्या मांडवात कुणी 'मी घेत नाही' म्हणाला, तर का म्हणून विचारू नका. तो बँडवाला असो की व्याही, त्याच्याशेजारी त्याच सतरंजीवर बसा. एकाच तांब्यातले पाणी दोन सारख्या ग्लासांत त्याच्या डोळ्यांदेखत ओता. आणि आधी तुम्ही प्या.