रेणूने लिहिलेली चिठ्ठी

अर्जुनी मोरगावची दुर्गेश्वरी गोंदियातल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात डॉक्टरांची लेखनिक होती. डॉक्टर हेमेंद्र रोगी तपासता तपासता बोलत जायचे आणि ती त्यांच्यामागे उभी राहून टॅबवर उतरवून घ्यायची. त्यांचे हात रोग्यासाठी मोकळे राहावेत, एवढ्यासाठीच तिची नेमणूक. तिने रोग्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

"बी.एस्सी. करून दुसऱ्याचं बोलनं लिवून रायली," बाप घरी टोमणा मारायचा. ती हसून सोडून द्यायची.

त्या दुपारी मात्र तिला काही सोडून देता येईना. खाटेवरच्या इंद्रकुमारला पहाटे मण्यार साप चावला होता. सापाच्या विषावरचं इंजेक्शन देऊन झालं, तरी छाती हलेना. व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. घशातल्या नळीला जोडलेला रबरी फुगा दाबून दाबून त्याला श्वास द्यावा लागत होता, आणि माणसं कमी, म्हणून तो फुगा नेहमीसारखा नातेवाइकाच्याच हाती दिलेला. बायको रेणू सकाळपासून दाबत होती. नागपूरला एक खाट होती; पण डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी पोचल्याशिवाय ते ती धरून ठेवणार नव्हते.

तेवढ्यात देवरीच्या रस्त्यावर उलटलेल्या काळीपिवळी जीपमधले जखमी आले. डॉक्टर तिकडे धावले. दुर्गेश्वरी टॅबवर चिठ्ठी लिहायला लागली.

"म्याडम, माहे हात नाही चालून रायले," रेणू म्हणाली.

"थोडंसं दाबा वहिनी."

"तुमी दाबा ना! कायले पाहून रायल्या नुसत्या?"

फुगा अर्धाच दबला. इंद्रकुमारचे ओठ काळसर पडू लागले.

"सिस्टर!" दुर्गेश्वरी ओरडली. सिस्टरचे दोन्ही हात एका जखमीच्या रक्त वाहणाऱ्या मांडीवर दाबलेले होते. दुर्गेश्वरीने फुगा हिसकून घेतला आणि टॅब रेणूच्या मांडीवर टाकला.

"लिहिता येते ना?"

"बारावी झाली माही."

"मोबाइलवर लिहिता तसंच. डॉक्टर बोलले तेच सांगते, लिहा."

नाव, वय, दिलेलं इंजेक्शन. रेणूचं बोट एकेक अक्षर शोधत होतं.

"पुढे लिहा. स्वतःचा श्वास नाही."

बोट थांबलं.

"हे मी कशी लिवू वं?"

"लिहा. नाहीतर खाट जाईल."

"माह्याच हातानं?"

दुर्गेश्वरीने फुगा दाबला. छाती वर आली, खाली बसली. रेणूने पदराने नाक पुसलं आणि लिहिलं.

डॉक्टर आले, वाचलं. "फुगा तू का..." एवढं बोलून त्यांनी टॅबवरच सही करून चिठ्ठी पाठवली. नागपूरहून होकार आला. अँब्युलन्सवाल्याने फुगा आपल्या हातात घेतला. रेणू अनवाणीच मागे धावली.

"वाचेल, सर?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"वाटेत श्वास तुटला नाही तर." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. "चल, लिही."

दुर्गेश्वरीने टॅब उचलला. तिची बोटं फुग्याभोवती वळली होती तशीच आखडलेली होती, सरळ होईनात. डॉक्टर बोलत होते आणि तिचं अक्षर उमटत नव्हतं.