उजवीकडे कललेला आवाज

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत लग्नपत्रिका छापायची झाली, की तिचा कच्चा मसुदा आधी देवापुढे ठेवायचा की बाळकाका खांबेट्यांपुढे, असा प्रश्न कुणाला पडत नसे. आधी बाळकाका. एखादी वेलांटी चुकली तर देव पदरात घेतो, बाळकाका घेत नाहीत. अडतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली. टेबल छपाईच्या यंत्राला लागून, मध्ये नुसती प्लायवुडची भिंत, डाव्या हाताला दिवसभर धडधड. त्या धडधडीतही आपल्या नजरेतून चूक सुटली नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवत.

छापखाना बंद पडला आणि बाळकाका घरी आले. दोन महिन्यांत नलिनीकाकूंच्या वाणसामानाच्या यादीवर लाल पेनाच्या खुणा उमटायला लागल्या. गॅलरीत बसून ते रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या पाट्या तपासत. माणूस असा बसलेला बघवत नाही.

मग देवाच्या दयेने अंधेरीच्या एका कंपनीचं काम मिळालं. ही कंपनी पुस्तकं कुणाकडून तरी वाचून घेते, रेकॉर्ड करते आणि लोकांना ऐकवते. बाळकाकांनी समोर छापील पुस्तक ठेवून ते वाचन ऐकायचं आणि चुका तक्त्यात भरायच्या: प्रकरण, वेळ, चूक, दुरुस्ती. पाच वर्षांत त्यांनी दाखवलेली एकही चूक खोटी ठरली नव्हती. "काकांचा कान म्हणजे सोनाराचा काटा," असं कंपनीचा देवव्रत सगळ्यांना सांगे. एकाहत्तराव्या वर्षी आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, यापरतं टॉनिक नाही. बाळकाका त्या टॉनिकवर जगत होते, म्हटलं तरी चालेल.

हे सगळं चालायचं स्टेशनबाहेर घेतलेल्या वायरवाल्या इअरफोनवर. त्यातलं उजवं बोंडूक कानात, डावं छातीवर लोंबकळतं. उजवा कान कामाला, डावा घराला, अशी त्यांनी वाटणी केलेली. बेल वाजली, कुकर झाला, तर कळायला नको?

यंदा देवव्रतचा फोन आला. "काका, ऐकणाऱ्यांच्या तक्रारी येतायत. मागे पंखा ऐकू येतो, खुर्ची करकरते. आता तपासताना दोन्ही कानांनी ऐकायचं. चांगला हेडफोन पाठवतोय."

हेडफोन आला. काळा, जाडजूड, कानांवर दोन उश्या. बाळकाकांनी घातला आणि चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. ऑक्टोबरचा उकाडा, दहा मिनिटांत कानांच्या पाळ्या घामाने चिंब. नलिनीकाकू म्हणाल्या, "अहो, हे काय, विमान चालवायला निघालात?"

पण खरी पंचाईत निराळीच होती. पुस्तक वाचत होती स्वरदा नावाची नवी मुलगी. आवाज स्वच्छ, उच्चार नेमके, पण ती उजवीकडे बसून वाचत होती. म्हणजे समोर नाही, मध्यभागी नाही. बाळकाकांच्या उजव्या खांद्याशी खुर्ची टाकून बसल्यासारखी. डावीकडे नुसती उशी. त्यांनी पहिलं प्रकरण तीनदा ऐकलं आणि तक्त्यात लिहिलं, "प्रकरण १, आरंभापासून अखेरपर्यंत. वाचिका उजवीकडे कललेली आहे. मध्यभागी आणावी."

कंपनीत सगळे चक्रावले. कुणालाच कल ऐकू येईना. पण काका म्हणतात म्हणजे असणार, म्हणून स्वरदाला ते प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेलाही ती उजवीकडेच, आणि पुढच्या तेरा प्रकरणांतही.

"हेडफोन खराब असेल काका," देवव्रत म्हणाला. "दुसऱ्यावर ऐकून बघा ना."

दुसरा हेडफोन मिळायला लांब जायला नको होतं. चौथ्या मजल्यावरची प्रांजल घाडी विमा कंपनीत नोकरी करते आणि पगार झाला की हेडफोन घेते. तिच्याकडे सात आहेत. तिची आई, प्रेमाताई, भेटेल त्याला मालवणीत विचारते, "हिच्या दोन कानांक सात टोपणां कित्याक व्हयी, सांगा बघू!"

रविवारी सकाळी बाळकाका वही-पेन घेऊन वर गेले. प्रांजल खूश झाली. तिच्या वेडाची एवढी गंभीर दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

पहिला दिला तो बंद पाठीचा. आवाज भरदार, पण स्वरदाला सर्दी झाल्यासारखी वाटली, आणि वजन इतकं की मान आपोआप खाली गेली. दुसऱ्याला मागे जाळी. कानाला हवा लागत होती, मखमलीच्या गाद्या, आणि स्वरदा समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून वाचतेय असं वाटलं. मात्र त्या जाळीतून प्रेमाताईंच्या स्वयंपाकघरातला नारळ खवल्याचा आवाजही पुस्तकात शिरला. तिसरे इअरबड. त्यांना रबराची टोपणं: लहान, मध्यम, मोठी. ती कानात बसली आणि स्वरदा थेट मेंदूत येऊन वाचायला लागली. त्यातच प्रेमाताईंनी लाडू पुढे केला. बाळकाकांनी तो चावला आणि स्वतःच्याच दाढांच्या गडगडाटात अर्धं पान बुडालं.

"तीन यंत्रांत तीन मुली," ते वैतागून म्हणाले. "यातली खरी कुठली?"

"काका, त्यावरून तर नेटवर लोक एकमेकांच्या जिवावर उठतात," प्रांजल म्हणाली. "पण झकास ना? जाळीवाला कसला आरामात बसतो!"

"बसतो गं. पण ही पोरगी तिन्हीकडे उजवीकडेच बसलीय."

प्रांजलने तिन्ही आपल्या कानांवर चढवून पाहिले. "मला तर बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये वाटतेय." मग तिने तर्क लढवले. चष्म्याच्या काडीमुळे फट राहत असेल, चष्मा काढला. डाव्या कानाचं भोक मोठं असेल. डावीकडे मोठं टोपण लावलं. वायर हलवली, फोन बदलला. स्वरदा जागची हलेना. बाळकाकांच्या वहीत इतक्या फुल्या आणि बाण झाले, की त्यांनाच आपली वही वाचता येईना.

शेवटी प्रांजल जरा चाचरत म्हणाली, "काका, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून..."

"माझे कान?" बाळकाका उसळले. "पाच वर्षं याच कानांवर पुस्तकं निघतायत, बाई!"

"सॉरी काका. मग फाइलच तशी असेल बहुतेक," प्रांजल म्हणाली आणि तिने हेडफोन डब्यांत भरायला घेतले.

सोमवारी बाळकाकांनी तक्ता पाठवला, "चार हेडफोनांवर तपासले. चारही ठिकाणी कल कायम. प्रकरणे १ ते १४." तासाभरात देवव्रतचा फोन. "काका, कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू सारख्या दिसतायत. आमची पार वाट लागली शोधून. पण चार हेडफोन म्हणजे आता शंकाच नको. नवी मुलगी आहे, माईकसमोर बसायची सवय नसेल. चौदाही प्रकरणं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतो."

बाळकाकांनी फोन ठेवला. आपला शब्द राहिला याचं समाधान वाटायला हवं होतं, ते काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरदाचाच फोन आला, बोरिवलीहून.

"काका, नंबर मी देवव्रतसरांकडून मागून घेतला, रागावू नका. मी कपाटात गोधड्या लावून आत बसून वाचते. तुम्ही उजवीकडे म्हणालात म्हणून माईक वीतभर सरकवला. मग मी डावीकडे वळून वाचलं, मानेत उसण भरली. मला चूक ऐकूच येत नाहीये, काका. कुठे आहे ती तेवढं दाखवा, मी सुधारते. माझं पहिलंच पुस्तक आहे हो."

"दाखवतो," बाळकाका म्हणाले. "नेमकं मिनिट-सेकंद लिहून देतो."

दाखवता येत नाही ती चूकच नव्हे, हा छापखान्यातला त्यांचा स्वतःचा नियम. त्याच नियमाने ते पुन्हा बसले. काड्या रुततात म्हणून चष्मा काढला, चाचपडत कंपनीचा हेडफोन चढवला आणि डोळे मिटून घेतले. स्वरदा वाचायला लागली, उजव्या खांद्याशी.

पाच मिनिटांनी उजव्या दंडाला काहीतरी गुदगुल्या करायला लागलं. वायर. ही वायर हेडफोनच्या डाव्या उशीतून निघते, रोज डाव्या खांद्यावर असते. म्हणजे आज हेडफोन उलटा चढला होता. डावी उशी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. मग आवाज डावीकडून यायला हवा होता.

तो उजवीकडूनच येत होता.

त्यांनी हेडफोन सुलटा केला. उजवीकडे. पुन्हा उलटा केला. उजवीकडे. चूक फाइलमध्ये असती तर उलटं केल्यावर बाजू बदलली असती. हेडफोनात असती तरी बदलली असती. उलटंसुलटं न होणारी वस्तू मध्ये एकच उरली होती, आणि ती खांबेट्यांच्या धडावर होती.

त्यांनी जुना इअरफोन काढला आणि जे बोंडूक पाच वर्षं छातीवर लोंबकळलं, ते डाव्या कानात घातलं. शेजारच्या घरात दार लावून कुणीतरी बोलतंय, एवढंच ऐकू आलं. कोण बोलतंय ते कळलं, काय बोलतंय ते कळेना. बाळकाका घाबरले. अगदी लहान मुलासारखे घाबरले.

नलिनीकाकू चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. उजव्या हाताला.

"नलू," ते म्हणाले, "तू पूर्वी माझ्या डावीकडे बसायचीस ना?"

"पंख्याचा वारा लागतो तिकडे."

"खरं सांग."

काकूंनी बशी खाली ठेवली. "दोन वर्षं झाली. जेवताना तीनदा विचारलं, वरण वाढू का. तुम्ही मान वर करेनात. वाटलं रुसलात. मग एकदा चुकून या बाजूने बोलले तर पटकन हो म्हणालात. तेव्हापासून इकडेच बसते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून ऐकलं असतंत? तक्त्यात लिहिलं असतंत, बायको पुटपुटते म्हणून." त्या हसल्या, पण त्यांना ते जमलं नाही. "काम गेलं असतं तुमचं. पुन्हा त्या गॅलरीत पाट्या वाचत बसला असतात. ते नको होतं मला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. चौथा मजला, सात हेडफोन, अंधेरीचा कॉम्प्युटर, बोरिवलीचं कपाट, सगळीकडे शोध झाला, आणि ज्या गोष्टीचा शोध चालला होता ती इथे दोन वर्षं वरणभात वाढत होती. बाळकाकांना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोन्ही ओसरले.

"लिहा की हेडफोन बिघडला होता," काकू म्हणाल्या. "पोरीचं पुस्तकही राहील, तुमचं कामही. उजव्या कानाने तर नीट ऐकू येतंय ना?"

सल्ला वाईट नव्हता. बाळकाकांनी तक्ता उघडला आणि तसं लिहायलाही घेतलं. मग वरची कालचीच ओळ दिसली, चार हेडफोनांवर तपासले. चारही एकदम बिघडले म्हणायचं? आणि यापुढे दोन्ही कानांनी ऐकायचं काम. उद्या डावीकडे एखादी खुर्ची करकरली तर ती आपल्यापुरती करकरणारच नाही. आपण ‘निर्दोष’ लिहू आणि देवव्रत डोळे मिटून मानेल. कालच मानलं होतं. काही न चुकलेल्या मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, केवळ खांबेटे म्हणाले म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारे आपण.

त्यांनी लिहिलेलं खोडलं. चष्मा लावला. प्रकरणे १ ते १४. वेळ, आरंभापासून अखेरपर्यंत. चूक, "वाचनात नाही. आवाज मध्यभागीच आहे. तपासनिसाला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. स्वरदा यांचे वाचन जसेच्या तसे घ्यावे."

शेवटचा रकाना रिकामा राहिला. दुरुस्तीचा. अडतीस अधिक पाच वर्षांत बाळकाकांनी चूक दाखवून दुरुस्ती सुचवली नाही असं कधी झालं नव्हतं. कीबोर्डवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. चहावर साय धरली.

मग त्यांनी लिहिलं, "तपासनीस बदलावा."

सवयीने सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून काढलं. एकही चूक सापडली नाही. त्यांनी तक्ता पाठवून दिला.