सगळ्यांचं एकच वाक्य

खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेवटचं दुकान तिचं. आत एक संगणक आणि एक प्रिंटर, बाहेर एक लाकडी बाक. लोक तिला टाइपबाई म्हणत. खाणीच्या धुळीने नवऱ्याची छाती निकामी केली, तेव्हापासून घर या खोलीवरच चालत होतं. नवरा पडद्यामागे खाटेवर बसून खोकायचा, आणि खोकला थांबला की गिऱ्हाइकांची थट्टा करायचा.

मधली काही वर्षं खाण बंद होती. नव्या मालकाने ती उघडली आणि अर्ज संगणकावर मागवले. माणसाच्या आधी ते एक यंत्र वाचणार होतं. सुरुवातीला तिने सवयीप्रमाणे रेझ्युमे सजवले. कडेला चौकट, कोपऱ्यात फोटो, दोन रकाने. चहा निवायच्या आत नकार यायचा. हळूहळू तिला यंत्राची नस सापडली. त्याला नटणं-मुरडणं चालत नव्हतं. चौकटीतलं तर ते वाचतच नसे. साधी अक्षरं, सरळ ओळी, आणि जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे. ‘खाणीत पडेल ते काम केलं’ असं लिहिलं की अर्ज बाद. ‘भूमिगत उत्खनन’ लिहिलं की पुढे.

एक वाक्य तर रामबाण निघालं. ‘बंदिस्त जागेतील वायू तपासणी, छत परीक्षण आणि आपत्कालीन सुटका यांचा प्रत्यक्ष अनुभव.’ पहिल्यांदा तिने ते एका जुन्या खाणकामगारासाठी लिहिलं. त्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. यंत्राने त्याला निवडलं, पण डॉक्टरांनी वय झालं म्हणून घरी पाठवलं. तो गेला, वाक्य मात्र तिच्यापाशी राहिलं.

मग एक रंगारी आला.

“बाई, वायूबियू मी कधी तपासला नाही हो.”

“पाण्याच्या टाकीत उतरून रंग दिलाय ना? मग ती बंदिस्त जागाच.”

पडद्यामागून नवरा म्हणाला, “आणि सुटका काय, रोज बायकोपासून करून घेतोच की!”

रंगारी हसला, पण जाताना दारातून परत वळला. “खाणीतल्या बाकीच्यांना कळू देऊ नका हं. मुरलेली माणसं असतील ती. टर उडवतील माझी.”

टेम्पोवाल्यानेही जाताना हेच सांगितलं. खानावळीत भांडी घासणाऱ्यानेही. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली. गिऱ्हाइकाची गोष्ट पोटात ठेवावी, हा धंद्याचा धर्म.

शेवटी धाकट्या दिराने हट्ट धरला. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना औषध तिनेच लावलेलं. “घरात एक खोकणारा पुरे नाही का?” असं म्हणून तिने बरेच दिवस टाळलं. गोदामातली हमाली सुटली तेव्हा मात्र तिने त्याचाही अर्ज लिहिला. वाक्य तेच.

पहिल्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी तो नवे बूट करकरवत दुकानात आला.

“वहिनी, ट्रेनिंग रद्द! उद्या थेट खाली.”

“रद्द? असं कसं रद्द?”

“साहेब म्हणाले, पाळीतल्या सगळ्यांनीच अनुभव लिहिलाय. मग शिकवायचं कुणाला?”

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. “अरे, पण तुला तर काहीच येत नाही.”

“माझ्या एकट्यामुळे काय अडणार आहे? बाकीचे करतील तसं करेन. तो रंगारी आहे, टेम्पोवाला आहे...” तो एकेक माणूस सांगत गेला, आणि तिला त्या प्रत्येकाची बाकावरची बसण्याची तऱ्हा आठवत गेली.

“त्यांचे अर्ज मीच लिहिलेत,” ती म्हणाली. “तुझ्या अर्जात जे लिहिलंय तेच. कुणालाच येत नाही.”

तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं.

पडद्यामागून नवऱ्याचा आवाज आला. त्यात या वेळी थट्टा नव्हती. “बंद खाणीत हवा मरते रे. तिला वास नसतो. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो. दुसरा त्याला उचलायला वाकतो, आणि तोही बसतो.”

“आता सांगितलं तर सगळ्यांची नोकरी जाईल,” दीर म्हणाला. “वहिनी, तू गप्प बस.”

ती गप्प बसली नाही. पहिल्या दिवशी घरच्यांना खाणीच्या तोंडाशी असलेल्या शेडपर्यंत जाता येई. सकाळी ती दिराबरोबर तिथे गेली, आणि खाणीत खाली नेणाऱ्या पिंजऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसांना तिने सरळ सांगून टाकलं.

रंगाऱ्याने टेम्पोवाल्याकडे पाहिलं, टेम्पोवाल्याने भांडीवाल्याकडे. एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरलेल्या माणसांना मध्येच कळावं, की पोहता कुणालाच येत नाही, तसे ते एकमेकांकडे बघत राहिले.

रंगारी खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, फाटकाबाहेर ती गर्दी बघितलीत? आम्ही मागे फिरलो तर दुपारी आमच्या जागी ते असतील. त्यांचे अर्जही तुम्हीच लिहिलेत ना?”

ती साहेबाकडे वळली. “साहेब, यांना वायू तपासता येत नाही. मी लिहिलंय ते. खोटं आहे.”

साहेबाने हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. “यंत्राने तपासलेत सगळे. एकही नापास नाही.” मग त्याने वायुमापक पुढे केला. “कोण घेतंय?”

तो या हातातून त्या हातात गेला. कुणी घड्याळ बघितलं, कुणी बुटाची नाडी. शेवटी सगळ्यांत लहान असलेल्या दिरापाशी तो थांबला.

“हिरवा दिवा म्हणजे ठीक ना?” त्याने हळूच विचारलं.

“असेल,” टेम्पोवाला म्हणाला.

“नको जाऊस,” ती म्हणाली. त्याने पट्टा गळ्यात अडकवला आणि तिच्याकडे न बघता पिंजऱ्यात शिरला. त्याच्यामागोमाग एकेक करून सगळे. दार लागलं. वरचं मोठं चाक कुरकुरत फिरू लागलं, आणि दोर खाली जात राहिला.